नोंदींची कसोटी घेणारे महालनवीस

महालनोबिस हे नाव ऐकताच मराठी कानाला फडणवीस, चिटणवीस आठवावेत, हे स्वाभाविकच आहे. महालाची नोंद ठेवणारा तो महालनवीस. जुन्या फारसी कारभारातला हा हुद्दा बंगालात आडनाव होऊन राहिला आणि बंगाली जिभेवर महालनोबिस झाला. प्रशांतचंद्रांनी आडनावाप्रमाणे जन्मभर नोंदीच केल्या. पण केलेली नोंद कितपत भरवशाची, हा प्रश्न त्यांच्याइतक्या चिकाटीने आपल्या देशात त्यापूर्वी क्वचितच कोणी विचारला असेल.

त्यांचा जन्म 29 जून 1893 रोजी कलकत्त्यातील एका ब्राह्मो कुटुंबात झाला. प्रेसिडेन्सी कॉलेजातून पदार्थविज्ञानाची पदवी घेऊन ते केंब्रिजला गेले. स्वदेशी परतताना ‘बायोमेट्रिका’ या नियतकालिकाचे खंड त्यांनी सोबत घेतले आणि बोटीवर ते वाचता वाचता हा पदार्थवैज्ञानिक संख्याशास्त्राचा झाला. प्रेसिडेन्सी कॉलेजातील एका खोलीत चाललेल्या कामातून 1931 साली भारतीय संख्याशास्त्रीय संस्था उभी राहिली.

1926 साली ओरिसात ब्राह्मणी नदीला मोठा पूर आला. नदीचे पात्र उथळ झाले आहे, सबब बांधांची उंची वाढवावी, असे अभियंत्यांचे मत पडले. महालनोबिसांनी सुमारे साठ वर्षांच्या पावसाच्या व पुराच्या नोंदी तपासल्या. पात्र वर आल्याची कोणतीही खूण त्यांना आढळली नाही. तज्ज्ञांचे अनुभवसिद्ध मतही आकड्यांपुढे कधी कधी टिकत नाही, याचा हा ठळक दाखला होय.

परंतु त्यांचे खरे कार्य शेतात घडले. आपल्याकडे तलाठ्याच्या दप्तरावर आणि आणेवारीवर सरकारची भिस्त असे. बंगालात कायमधाऱ्यामुळे गावोगावी तलाठीच नव्हता. पिकाचा अंदाज चौकीदाराच्या सांगण्यावरून बांधला जाई. 1937 पासून महालनोबिसांनी तागाच्या पिकाची नमुना पाहणी आरंभिली. यदृच्छेने निवडलेली थोडी शेते काळजीपूर्वक मोजली, तर सगळी शेते घाईने मोजण्यापेक्षा उत्तर अधिक विश्वसनीय मिळते, हे त्यांचे म्हणणे प्रथम कोणालाच पटेना. (सरकारी नोकरीत आयुष्य घालवलेल्या माणसाला ते चटकन पटते. मोजणारे वाढले की चुकाही वाढतात!) पुढे नमुना पाहणी आणि सरसकट मोजणी यांची तुलना झाली. पाहणीला मोजणीच्या सुमारे एक-दशांश खर्च आला आणि तिचा आकडा व्यापाराच्या आकड्यांशी अधिक जुळला.

एवढ्यावर त्यांचे समाधान झाले नाही. एकाच प्रदेशात त्यांनी दोन स्वतंत्र तुकड्या पाठविल्या. दोघींचे नमुने वेगळे, माणसे वेगळी. दोन उत्तरांमध्ये जेवढे अंतर पडेल, तेवढी आपल्या ज्ञानाची अनिश्चितता. आकड्यासोबत त्याचा संशयही मोजून द्यायचा, ही त्यांची देणगी मी सर्वांत मोठी मानतो.

मात्र या कसोटीलाही एक मर्यादा होती आणि तिच्यावर नेमके बोट ठेवले एका मराठी माणसाने. पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे सातारा जिल्ह्यातील बुध गावचे. काही काळ त्यांनी कलकत्त्यातच अध्यापन केले होते. पीक कापणी प्रयोगात महालनोबिस काही फूट त्रिज्येची लहान वर्तुळे आखीत. अशा लहान तुकड्याला क्षेत्राच्या मानाने कड फार. कडेवरचे ताट आत धरायचे की बाहेर? कापणाऱ्याचा हात बहुधा ते आत ओढतो आणि उत्पन्न फुगते. सुखात्म्यांनी 1946 च्या सुमारास हे प्रयोगांनी दाखवून दिले आणि मोठ्या तुकड्यांचा आग्रह धरला. लहान तुकड्यांत आकडा वाढतो, हे महालनोबिसांच्या प्रयोगांतही दिसले होते. दुमत होते ते किती लहान चालेल यावर, आणि ते पुष्कळ वर्षे धुमसत राहिले.

येथे मर्म असे की, दोन्ही तुकड्यांनी तेच लहान वर्तुळ आखले, तर दोघी एकाच दिशेने चुकणार. त्यांची उत्तरे सुरेख जुळतील आणि तरीही दोन्ही चुकीची असतील! अशी चूक दोघांच्या एकमताने सापडत नाही. त्यासाठी मोजण्याची रीतच बदलून पाहावी लागते. या वादात सुखात्म्यांची बाजू मला अधिक सबळ वाटते, आणि ती केवळ ते आपले म्हणून नव्हे.

महालनोबिस 1945 साली रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. 1950 साली त्यांच्या पुढाकाराने राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेचा आराखडाही मुख्यत्वे त्यांचाच. पण तागाच्या शेतात पाळलेला संशय त्या आराखड्याच्या गणितात तितकासा दिसत नाही, असे माझे मत आहे.

28 जून 1972 रोजी, एकोणऐंशी वर्षे पुरी होण्यास एक दिवस उरला असता, त्यांचे देहावसान झाले. 2007 पासून त्यांचा जन्मदिन देशात संख्याशास्त्र दिन म्हणून पाळला जातो. बी. टी. रोडवरील संस्थेच्या आवारात त्यांचे ‘आम्रपाली’ हे निवासस्थान असून तेथे त्यांचे स्मृतिसंग्रहालय आहे. बराहनगरच्या बाजूला जाणे झाल्यास मुलांना घेऊन ते अवश्य पाहावे.