दख्खनच्या माशांची मराठी नावे जपणारा कर्नल

परभणी : उन्हाळा लागला, की गोदावरीचे पात्र आक्रसू लागते. पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालम अशी वळणे घेत जाणारी ही नदी मग ठिकठिकाणी घोट्याएवढी, गुडघ्याएवढी उरते. अशा उथळ पाण्यात गळ टाकणाऱ्याला पहिला प्रश्न पडतो तो समोर हालणारा मासा कोणता, हा. या प्रश्नाचे उत्तर दख्खनच्या नद्यांपुरते पहिल्यांदा शास्त्रशुद्ध रीतीने शोधले ते एका इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने. त्यांचे नाव कर्नल विल्यम हेन्री साइक्स.

साइक्स यांचा जन्म १७९० मध्ये इंग्लंडच्या यॉर्कशायर परगण्यात झाला. विशीही गाठण्यापूर्वी ते ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सैन्यात दाखल झाले. १८०५ मध्ये भरतपूरच्या वेढ्यात ते होते. १८१७ मध्ये पेशवाईचे भवितव्य ठरविणाऱ्या खडकीच्या लढाईतही ते कंपनीच्या बाजूने लढले. पण केवळ तलवारीवर त्यांची ओळख थांबली नाही. हिंदुस्थानी आणि मराठी या भाषा त्यांनी आत्मसात केल्या होत्या. पुढे त्यांच्या हातून जे काम झाले, त्याचा पाया या भाषाज्ञानात होता.

पेशवाई बुडाल्यावर नव्याने हाती आलेल्या मुलुखाची माहिती कंपनीला हवी होती. मुंबईचे गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी १८२४ मध्ये साइक्स यांची सांख्यिकी अहवाल तयार करण्यासाठी नेमणूक केली. पुणे, अहमदनगर, खानदेश आणि धारवाड या चार जिल्ह्यांत त्यांनी लोकसंख्या, शेती, हवामान, जमीनधारा यांची नोंद केली. खर्चकपातीत १८२९ मध्ये हे पदच रद्द झाले. साइक्स यांनी तरीही काम सोडले नाही आणि १८३१ पर्यंत अहवाल पुरे केले. याच भटकंतीत पक्षी, प्राणी आणि मासे यांच्या नोंदीही होत गेल्या. लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेपुढे त्यांनी दख्खनच्या पक्ष्यांची यादी मांडली, तीत शास्त्राला नवे असलेले अनेक पक्षी होते.

माशांवरील त्यांच्या लेखाचा सारांश १८३९ मध्ये आणि चित्रांसह विस्तृत लेख १८४१ मध्ये प्रसिद्ध झाला. चाळीसहून अधिक जातींचे वर्णन त्यात होते. या लेखाचे आगळेपण नावांत आहे. लॅटिन नाव देताना साइक्स यांनी अनेक ठिकाणी नदीकाठच्या माणसाच्या तोंडचा शब्दच उचलला. खुद्री, कोळस, मुल्या, शिंगटी, अळकूट, ताकरी ही नावे इंग्रजी वर्णांत बसवली गेली आणि शास्त्राच्या दप्तरात नोंदली गेली. रोहटी हे तर एका संपूर्ण प्रजातीचे नाव ठरले. आजही जगाच्या कोणत्याही कोपऱ्यातील मत्स्यशास्त्रज्ञ आपल्याकडील महसीर माशाचा उल्लेख करताना खुद्री हाच शब्द लिहितो.

परभणी तेव्हा निजामाच्या राज्यात होती. साइक्स यांच्या पाहणीची हद्द तिच्या अलीकडेच संपत होती. पण मासा हद्द पाळत नाही. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्याच्या सीमेवरून वाहणारी गोदावरीच पुढे परभणी जिल्ह्यात शिरते. जिंतूरकडून येणारी पूर्णा तिला याच जिल्ह्यात मिळते.

साइक्स यांची नोंद गळकऱ्यालाही उपयोगी पडते. माशाचे तोंड कसे आहे, यावर त्याचे खाणे ठरते. मुल्याचे तोंड खालच्या बाजूला असते. वाहत्या उथळ पाण्यातील दगडांवरचे शेवाळ तो खरवडून खातो, त्यामुळे वर तरंगणाऱ्या आमिषाकडे तो फिरकत नाही. उलट अळकुटाचे तोंड वर वळलेले असते. तो पृष्ठभागालगतचे किडे टिपतो, म्हणून त्याच्यासाठी आमिष वरच ठेवावे. शिंगटी तळाशी वावरते आणि मिशांनी चाचपत अन्न शोधते. तिच्यासाठी गांडूळ लावून गळ तळाला टेकवावा.

बाकीचे नियम अनुभवाचे आहेत. उथळ पाण्यातील मासा सावलीला बुजतो, तेव्हा आपली सावली पाण्यावर पडू देऊ नये. पाण्यात पाय आपटू नयेत, सरकवत न्यावेत. दुपारच्या कडक उन्हापेक्षा पहाट आणि तिन्हीसांज बरी. उथळ दिसणाऱ्या पाण्यावर विसंबू नये, कारण वाळूउपशाने पडलेले खड्डे वरून दिसत नाहीत. वरच्या धरणातून पाणी सुटणार नाही ना, याची आधी चौकशी करावी. पावसाळ्याच्या तोंडी अंडी घालण्यासाठी प्रवाहाविरुद्ध चढणारे मासे मात्र धरू नयेत. त्या वेळी धरलेला एक मासा पुढच्या वर्षीचे शेकडो मासे घेऊन जातो.

या साऱ्या नोंदींत एका माशाची कथा निराळी आहे. दख्खनच्या नद्यांतील अहिर या सापासारख्या माशाला साइक्स यांनी आपल्या गव्हर्नराचे, एल्फिन्स्टन यांचे नाव दिले. पुढे हा मासा आधीच वर्णन झालेल्या बंगाली जातीचाच असल्याचे ठरले आणि ते नाव मागे पडले. अहिर गोड्या पाण्यात वाढतो, पण अंडी घालण्यासाठी समुद्रात जातो. त्याची पिले खाऱ्या पाण्यातून नदीत शिरतात आणि वर चढत जातात. साइक्स यांच्या काळी बंगालच्या उपसागरापासून गोदावरीची वाट मोकळी होती. आज परभणीच्या खाली विष्णुपुरी, बाभळी, श्रीरामसागर आणि धवळेश्वरम येथे बांध आहेत, वर पैठणला जायकवाडी आहे. यांतील प्रत्येक भिंत शेतीची तहान भागवते, आणि प्रत्येक भिंत अहिराची वाटही अडवते.

इंग्लंडला परतल्यावर साइक्स यांचा मानसन्मान वाढत गेला. १८३४ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. त्याच वर्षी स्थापन झालेल्या लंडनच्या सांख्यिकी संस्थेच्या संस्थापकांत त्यांची गणना होते. पुढे ते तिचे अध्यक्षही झाले. १८५६ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. १८५७ मध्ये ते ॲबर्डीनमधून ब्रिटिश संसदेवर निवडून गेले आणि अखेरपर्यंत तेथे राहिले. १८७२ मध्ये लंडन येथे त्यांचे निधन झाले.

साइक्स यांच्या थोरवीला एक उणी बाजूही आहे. त्यांनी एल्फिन्स्टनखेरीज ऑगिल्बी, यारेल, व्हिगर्स अशा आपल्या परिचितांची नावे माशांना दिली. ज्या भोयांनी आणि कोळ्यांनी ही नावे आधी ठेवली होती, त्यांच्यापैकी एकाचेही नाव कोणत्याही माशाला लाभले नाही. त्यांच्या खुणा उरल्या त्या शब्दांत. जलाशयांत आता सोडले जाते ते बाहेरचे मत्स्यबीज. कटला, रोहू, मृगळ ही नावे बाजारात रुळली आहेत. मुल्या आणि ताकरी ओळखणारी माणसे नदीकाठी उरली नाहीत, तर ही मराठी नावे केवळ लॅटिन ग्रंथांत राहतील. गंगाखेडच्या घाटावर गळ घेऊन जाणाऱ्याने मासा टोपलीत टाकण्यापूर्वी शेजारच्या म्हाताऱ्या भोयाला त्याचे नाव विचारावे. पावणेदोनशेहून अधिक वर्षांपूर्वी साइक्स यांनीही तेच केले होते.