परक्या बेटांनी वाढविलेला मुलगा

पंधराव्या वर्षी आपल्याकडील मुलगा दहावीच्या परीक्षेच्या तयारीत असतो. जोसेफ एफ. स्मिथ हा मुलगा त्याच वयात धर्मप्रचारक म्हणून घरापासून हजारो मैलांवरच्या हवाई बेटांकडे निघाला होता. आई-वडील हयात नव्हते, खिशात पैसा नव्हता आणि जिथे जायचे तिथली भाषा ठाऊक नव्हती. पुढे १९०१ साली तो मॉर्मन पंथाचा सहावा अध्यक्ष झाला. त्याची घडण मात्र त्या बेटांवरील झोपड्यांत झाली.

जोसेफचा जन्म १३ नोव्हेंबर १८३८ रोजी मिसुरी प्रांतातील फार वेस्ट येथे झाला. मॉर्मन पंथाचे संस्थापक जोसेफ स्मिथ हे त्याचे सख्खे काका. २७ जून १८४४ रोजी इलिनॉयमधील कार्थेज येथील तुरुंगात जमावाने काका आणि वडील हायरम या दोघांचीही हत्या केली. मुलगा तेव्हा पाच वर्षांचा होता. छळाला कंटाळून पंथाचे अनुयायी पश्चिमेकडे निघाले. आई मेरी फील्डिंग स्मिथ हिनेही बैलगाड्या जोडल्या आणि १८४८ साली कुटुंब सॉल्ट लेकच्या खोऱ्यात पोहोचले. चार वर्षांतच, १८५२ साली, आईनेही जगाचा निरोप घेतला.

पोरका झालेला हा मुलगा तापट निघाला. शाळेत धाकट्या बहिणीला चामडी पट्ट्याने मारू पाहणाऱ्या शिक्षकावरच तो धावून गेला आणि त्याची शाळा संपली. त्यानंतर एप्रिल १८५४ च्या धर्मपरिषदेत प्रचारकांच्या यादीत त्याचे नाव वाचले गेले. पंथात अशी नेमणूक हा सन्मान मानला जात असे. या अनावर मुलाला वळण लागावे, असाही ज्येष्ठांचा हेतू असावा.

पंथ प्रवासखर्च देत नसे. कॅलिफोर्नियात पोहोचल्यावर लाकडी कौले बनविण्याची मजुरी करून जोसेफने बोटीच्या भाड्याची तजवीज केली. २७ सप्टेंबर १८५४ रोजी तो होनोलुलूच्या किनाऱ्यावर उतरला. हवाई तेव्हा अमेरिकेचा भाग नव्हता. ते स्वतंत्र राज्य होते. आदल्याच वर्षी देवीच्या साथीने तेथे हाहाकार माजविला होता.

त्याची रवानगी माउई बेटावरील कुला या डोंगरउतारावरील भागात झाली. तेथे तो तापाने अंथरुणाला खिळला. मा मनुहीई या स्थानिक स्त्रीने त्याला आपल्या घरी ठेवून घेतले आणि पोटच्या मुलासारखी त्याची शुश्रूषा केली. ज्यांना धर्म शिकवायला तो आला होता, त्यांच्याच हातचे दोन घास खाऊन तो जगला. आजारातून उठलेल्या जोसेफने भाषेचा ध्यास घेतला आणि सुमारे १०० दिवसांत तो हवाई भाषेत प्रवचन करू लागला. स्थानिकांनी त्याला आपल्या उच्चाराप्रमाणे नाव दिले, इओसेपा.

प्रचारकाचा दिनक्रम कष्टाचा होता. डोंगर, दऱ्या आणि लाव्हारसाचे खडक तुडवीत एका वस्तीवरून दुसऱ्या वस्तीवर जायचे. मिळेल त्या झोपडीत चटईवर झोपायचे. जेवणाला पोई, म्हणजे अळूचे कंद शिजवून, कुटून केलेले आंबूस पिठले. तेही एकाच भांड्यातून सगळ्यांनी बोटांनी खायचे. उरलेल्या वेळात वाचन आणि घरी पत्रे. त्या पत्रांची उत्तरे यायला महिने लागत.

त्याच्या १८५६ व १८५७ सालच्या रोजनिशा आज ग्रंथरूपात उपलब्ध आहेत. त्यांतून दिसणारा तरुण काही संत नाही. तो भुकेने त्रासतो, घरच्या आठवणीने व्याकूळ होतो, यजमानांच्या अस्वच्छतेवर आणि चालीरीतींवर कठोर शब्दांत ताशेरे ओढतो. आपण श्रेष्ठ आणि हे लोक मागासलेले, ही त्या काळच्या गोऱ्या माणसाची समजूत त्याच्याही मनात होती. मात्र त्याचे पोट भरत होते ते याच लोकांच्या औदार्यावर.

१८५६ साली लानाई बेटावरील एका घराला आग लागली आणि जोसेफची पेटी कपड्यांसह आणि पुस्तकांसह जळून गेली. त्यानंतरच्या दिवसांची एक हकिगत सांगितली जाते. तो आणि त्याचा सोबती यांच्यात मिळून अंगावर घालण्याजोगा एकच पोशाख उरला होता. एक जण तो चढवून सभेला जाई, तेव्हा दुसरा अंथरुणातच थांबे. याच विपन्नावस्थेत पडलेले एक स्वप्न त्याने आयुष्याच्या अखेरीस श्रोत्यांना सांगितले. स्वप्नात तो अंघोळ करून स्वच्छ वस्त्रे लेतो आणि एका प्रासादाच्या दारी पोहोचतो. आत त्याचे दिवंगत काका, वडील आणि आई असतात. या स्वप्नाने आपल्याला मुलाचा माणूस केले, अशी त्याची श्रद्धा होती.

१८५७ साली अमेरिकी लष्कर युटाकडे निघाले आणि प्रचारकांना माघारी बोलावणे आले. परतीच्या वाटेवर कॅलिफोर्नियात एका दांडगटाने पिस्तूल रोखून तो मॉर्मन आहे का, असे दरडावून विचारले. शिक्षकावर धावून गेलेल्या त्या मुलाने या वेळी हात उगारला नाही, पळही काढला नाही. शांतपणे होकार दिला. समोरच्यानेच वरमून त्याचा हात हातात घेतला, असे तो पुढे सांगत असे.

हवाईशी नाते तुटले नाही. १८६४ साली तेथील अनुयायांची जमीन बळकावणाऱ्या वॉल्टर गिब्सनला पंथाबाहेर काढण्यासाठी तो पुन्हा गेला. पुढे बहुपत्नीत्वाच्या खटल्यातून अटक टाळण्यासाठी १८८५ ते १८८७ या काळात त्याने ओआहू बेटावरील लाईए येथेच आश्रय घेतला. बहुपत्नीत्वाचा प्रश्न अध्यक्षपदीही त्याचा पिच्छा पुरवीत राहिला. १९०४ साली त्याला अमेरिकी सिनेटच्या समितीपुढे साक्ष द्यावी लागली. त्याच वर्षी त्याने अशा नव्या विवाहांवर पंथातून बहिष्काराची शिक्षा जाहीर केली. आपल्या पत्नींना मात्र अंतर दिले नाही आणि १९०६ साली ३०० डॉलरचा दंड भरला.

या नात्याला एक करुण बाजूही आहे. युटात आलेल्या हवाईयन अनुयायांसाठी १८८९ साली स्कल व्हॅलीच्या वाळवंटात वसाहत उभारली गेली आणि तिला इओसेपा हेच नाव दिले गेले. समुद्राकाठची ही माणसे थंडी, दुष्काळ आणि रोगराई सोसत तेथे राहिली. १ जून १९१५ रोजी स्मिथने लाईए येथील मंदिराची जागा समर्पित केली, तेव्हा त्यांना मायदेशी परतण्याचे निमित्त मिळाले. १९१७ पर्यंत गाव जवळपास ओस पडले. मागे उरली ती दफनभूमी.

अध्यक्ष झाल्यावरच्या एका हवाई भेटीत बंदरावर स्वागताला मोठी गर्दी होती. त्यात नव्वदीच्या घरातील एक अंध वृद्धा मोजकी केळी हातात घेऊन इओसेपाला हाका मारीत होती. ती मा मनुहीई होती. सोबत असलेल्या चार्ल्स निब्ली यांनी ही आठवण नोंदवून ठेवली आहे. स्मिथने धावत जाऊन त्या वृद्धेला मिठी मारली आणि डोळे पुसत, हीच आपली तिथली आई, अशी तिची ओळख करून दिली.

१९ नोव्हेंबर १९१८ रोजी स्मिथचे निधन झाले. फ्लूच्या साथीमुळे सार्वजनिक अंत्यविधीही होऊ शकला नाही. लाईएचे मंदिर वर्षभराने खुले झाले.

आज या पंथाचे तरुण अठराव्या वर्षीही दोन वर्षांसाठी परदेशी जाऊ शकतात. त्यांना आधी भाषेचे प्रशिक्षण मिळते आणि २०१९ पासून दर आठवड्याला घरच्यांशी बोलण्याची मुभाही आहे. परक्या दारावर थाप मारताना मात्र दार उघडणाऱ्याच्या माणुसकीवरच भिस्त असते. जोसेफने बेटांवर किती जणांना दीक्षा दिली, याचा हिशेब पंथाच्या दफ्तरात सापडेल. त्याला त्या बेटांनी काय दिले, हे सांगायला ती मोजकी केळी पुरेशी आहेत.