डेडहॅमचे फेअरबँक घराणे

छत्रपती संभाजीनगराहून, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेहून, नगरच्या रस्त्याने गोदावरी ओलांडून पुढे गेले म्हणजे नेवासे तालुक्यात वडाळा हे गाव लागते. अमेरिकन मराठी मिशनचे रेव्हरंड सॅम्युएल बेकन फेअरबँक १८४६ साली या देशी आले व पुढे त्यांनी याच गावी आपल्या कामाचे ठाणे केले. त्यांचे आडनाव अमेरिकेत ज्या मूळ पुरुषापासून वाढले, त्या जोनाथन फेअरबँक याची हकीकत वाचकांस सादर करावी असे आम्ही योजिले आहे. या नावाच्या शेवटी कोणी ‘स’ लावितात, कोणी लावीत नाहीत, घराणे एकच.

जोनाथन हा इंग्लंडातील यॉर्कशायर परगण्यातला. हॅलिफॅक्सच्या आसपासचा हा डोंगराळ मुलूख लोकरीच्या कापडाबद्दल प्रसिद्ध होता. इ. स. १६३३ च्या सुमारास पत्नी ग्रेस, चार मुलगे व दोन मुली यांसह तो समुद्र ओलांडून बोस्टन येथे उतरला. त्या काळी प्युरिटन मताची पुष्कळ कुटुंबे इंग्लंड सोडून तिकडे जात होती. काही वर्षांनी बोस्टनच्या नैर्ऋत्येस नवीन गाव वसविण्याचे ठरले. वसाहत करणाऱ्यांनी गावास ‘समाधान’ अशा अर्थाचे नाव मागितले होते; सरकारने मात्र डेडहॅम हे नाव दिले. आपसांत प्रीतीने राहावे आणि तंटा पडल्यास पंचांकडून तोडावा, असा एक करार या गावकऱ्यांनी केला. त्यावर जोनाथनची सही आहे.

करारावर सही केली खरी, पण मंडळीत सामील होण्यास तो तयार होईना. आपल्या विश्वासाची साक्ष चारचौघांसमोर उभे राहून द्यावी, या रीतीविषयी त्याच्या मनात शंका होत्या. बंधुजनांनी त्याच्याशी वारंवार प्रेमाने बोलणे केले, तेव्हा कोठे १६४६ साली त्याचा मंडळीत प्रवेश झाला. देशांतर केल्यास तेरा वर्षे होऊन गेली होती. समुद्र ओलांडताना जो कचरला नाही, तो या उंबरठ्यावर इतका काळ थांबला, हे आम्हांस त्याच्या चरित्रातील सर्वांत बोलके वाटते. नुसत्या देखाव्यासाठी आत आलेल्यांपेक्षा असा मनुष्य बरा.

त्याने बांधलेले घर अद्याप उभे आहे. तुळयांच्या लाकडातील वलये मोजून ते १६३७ ते १६४१ च्या दरम्यानचे ठरले आहे. उत्तर अमेरिकेत आज उभ्या असलेल्या लाकडी सांगाड्याच्या घरांत याहून जुने नाही. मधोमध विटांचे मोठे धुराडे, भोवती ओकच्या जाड तुळया. आठ पिढ्या त्यात नांदल्या. आता घराण्याच्याच संस्थेने ते लोकांस पाहण्यास खुले ठेविले आहे. जोनाथन १६६८ साली वारला व घर वडील मुलगा जॉन याजकडे गेले.

दुसऱ्या एका मुलाची, जोनास याची गोष्ट निराळी. दोनशे पौंडांहून कमी मालमत्ता असणाऱ्याने मोठे बूट घालू नयेत, असा त्या वसाहतीचा कायदा होता. १६५२ साली जोनासवर नेमका हाच आरोप आला! विद्यार्थ्यांस हसू येईल, पण कोणी काय ल्यावे हे दुसऱ्याने ठरवावे, असे नियम आपल्याकडेही होतेच. पुढे तो लँकेस्टर येथे राहावयास गेला. तेथे १६७६ च्या फेब्रुवारीत मूळ रहिवाशांनी हल्ला केला, त्यात तो व त्याचा मुलगा जोशुआ दोघेही मारले गेले.

या मृत्यूंची नोंद वंशावळीत सापडते. पण ज्या भूमीवर ते घर उभे राहिले, तिच्या आधीच्या धन्यांची वंशावळ कोणी लिहिली? डेडहॅमच्या हद्दीलगतच १६५१ साली जॉन एलियट याने ख्रिस्ती झालेल्या मूळ रहिवाशांचे नेटिक हे गाव वसविले. १६६३ साली संपूर्ण पवित्र शास्त्र त्यांच्या भाषेत छापून दिले तेही त्यानेच. ती जमीन आमची, म्हणून डेडहॅमकरांनी या आपल्या धर्मबांधवांशीच वर्षानुवर्षे तंटा केला. प्रीतीचा तो करार त्यांच्यापुरता नव्हता. अखेर सरकारने डेडहॅमला दुसरीकडे आठ हजार एकर देऊन समजूत घातली. तीही जमीन कोणाची होती, हे सांगावयास नको. १६७५ साली युद्ध पेटताच याच नेटिकच्या ख्रिस्ती लोकांस बोस्टनजवळच्या एका उघड्या बेटावर नेऊन कोंडले, आणि त्या हिवाळ्यात पुष्कळ जण उपाशी मेले.

हे जाणूनच आम्ही वडाळ्याच्या फेअरबँकांकडे पाहतो. तेही समुद्र ओलांडून परक्या भूमीत आले, पण येथील माणसांची भाषा शिकून त्यांच्यातच राहिले. पक्ष्यांचा व शंखशिंपल्यांचा त्यांस मोठा छंद होता. दक्षिणेतील पळणी डोंगरातल्या एका गाणाऱ्या पक्ष्याच्या शास्त्रीय नावात १८६९ पासून त्यांचे नाव आहे. त्याच डोंगरात, कोडाईकनाल येथे, १८९८ साली ते निवर्तले.