लहान उडाले, मोठे बुडाले : सॅम्युएल लँगली



यंदाच्या विज्ञान प्रदर्शनासाठी नववीच्या मुलांनी रिमोटवर चालणारी थर्मोकोलची दोन विमाने केली होती. पहिले ८० सेंटीमीटर पंखांचे, ३०० ग्रॅम वजनाचे. ते मैदानावर सुरेख उडाले. मग उत्साहाच्या भरात सगळी मापे दुप्पट करून दुसरे केले, आणि ते हातातून सुटताच कोसळले. नकाशा तोच, मोटर मोठी, मग चुकले काय, असे मुलांनी आम्हांस विचारले. आम्ही विज्ञानाचे पदवीधर नाही, म्हणून ग्रंथालयातील पुस्तके उघडून बसलो. तेथे एका वृद्ध शास्त्रज्ञाची भेट झाली, ज्यांच्यावर असाच प्रसंग १९०३ साली साऱ्या अमेरिकेसमोर ओढवला होता.

सॅम्युएल पियरपॉन्ट लँगली यांचा जन्म २२ ऑगस्ट १८३४ रोजी बोस्टनजवळच्या रॉक्सबरी गावी झाला. शाळेपुढे त्यांचे शिक्षण झाले नाही. महाविद्यालयाची पायरी न चढता त्यांनी आधी वास्तुकलेचे व अभियांत्रिकीचे काम केले, आणि दुर्बिणीचा नाद लागल्यावर १८६७ मध्ये ते पिट्सबर्गजवळील ॲलेघेनी वेधशाळेचे प्रमुख झाले. वेधशाळेकडे पैसा नव्हता. तेव्हा ताऱ्यांवरून अचूक वेळ काढून ती तारेने रेल्वे कंपनीला विकायची, अशी युक्ती त्यांनी केली. सूर्याची उष्णता मोजणारे बोलोमीटर हे नाजूक यंत्र त्यांचेच. १८८७ मध्ये वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेचे ते सचिव झाले. एवढ्यावर थांबते तरी त्यांचे नाव राहिले असते.

पण पक्षी पंख न हलवता तरंगतो कसा, हा प्रश्न त्यांना सोडीना. ॲलेघेनीला त्यांनी वाफेवर गरगर फिरणारा लांब दांडा उभारला आणि त्याच्या टोकाला पातळ फळ्या, अगदी पेंढा भरलेले पक्षीसुद्धा लावून हवेचा जोर मोजला. मग रबराच्या पिळावर उडणाऱ्या नमुन्यांची रांगच लागली. बहुतेक पडत. अखेर ६ मे १८९६ रोजी पोटोमॅक नदीत क्वांटिकोजवळ हाऊसबोटीच्या छपरावरून त्यांचे पाच क्रमांकाचे वाफेचे विमान सोडले, आणि ते सुमारे एक किलोमीटर उडून अलगद पाण्यावर उतरले. त्यात माणूस नव्हता. पंखांचा विस्तार चार मीटरांहून थोडा अधिक, वजन सुमारे ११ किलो. टेलिफोनवाले ग्रॅहम बेल स्वतः हजर होते व त्यांनी छायाचित्रे घेतली. नोव्हेंबरात सहा क्रमांकाचे विमान त्याहून लांब गेले.

आता मुलांच्या प्रश्नाकडे वळू. विमानाच्या वजनाला पंखांच्या क्षेत्रफळाने भागले की जो आकडा येतो त्याला विंग लोडिंग म्हणतात. आपण त्याला पंखभार म्हणू. मुलांच्या लहान विमानाचे पंख १२ चौरस डेसिमीटर, म्हणजे दर चौरस डेसिमीटरवर २५ ग्रॅम. मापे दुप्पट केल्यावर क्षेत्रफळ चौपट झाले, पण वजन लांबी, रुंदी आणि जाडी अशा तिन्ही बाजूंनी वाढून आठपट झाले. २४०० ग्रॅम भागिले ४८, म्हणजे ५० ग्रॅम. हवेचा उचलण्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणून पंखभार दुप्पट झाला की तरंगत राहण्यासाठी कमीत कमी वेग सुमारे १.४ पट लागतो. तेवढा वेग हाताने फेकून आला नाही. पाचशे ग्रॅमची जास्त बॅटरी चढवणाऱ्यांनीही हे ध्यानात घ्यावे. जड विमान उडते, पण उतरताना फार जोरात येते.

लँगलींना हा हिशेब पक्का ठाऊक होता. १८९८ मध्ये अमेरिकेच्या युद्ध खात्याने माणसासह उडणाऱ्या विमानासाठी ५०,००० डॉलर दिले. तेव्हा मोठे विमान लहानाच्या प्रमाणात जड होऊ नये म्हणून त्यांनी जिवापाड खटपट केली. त्यांचे साहाय्यक चार्ल्स मॅन्ली यांनी ५२ अश्वशक्तीचे पेट्रोल इंजिन तयार केले; त्या काळी एवढे हलके व इतके जोरदार इंजिन हे नवलच होते. पंख सुमारे ९७ चौरस मीटर, चालकासह वजन सुमारे ३४० किलो. म्हणजे दर चौरस मीटरला साडेतीन किलो. राईट बंधूंच्या विमानाचे चालकासह वजन जवळपास तेवढेच, पण पंख ४७ चौरस मीटर. त्यांचा पंखभार लँगलींच्या दुप्पट होता!

आम्ही येथे बराच वेळ अडखळलो. हलके ते पडले आणि भारी ते उडाले, हे कसे? उत्तर असे की एवढे विशाल पंख एवढ्या थोड्या वजनात बसवले, की सांगाड्यात ताकदच उरली नाही. लहान नमुन्यात जी काठी ताठ राहते ती चौपट लांब झाल्यावर वाकते. शिवाय मॅन्ली यांनी पूर्वी कधी उड्डाण केले नव्हते, आणि राईट बंधू तीन वर्षे ग्लायडरवर तोल सांभाळायला शिकत होते.

७ ऑक्टोबर १९०३ रोजी विमान हाऊसबोटीवरून सुटले आणि सरळ नदीत गेले. ८ डिसेंबरला पुन्हा प्रयत्न झाला. यावेळी मागचा भाग मोडला आणि मॅन्ली बर्फाळ पाण्यात अडकून जेमतेम वाचले. लँगलींनी दोष विमान सोडणाऱ्या यंत्राला दिला. नंतरच्या अभ्यासकांचा रोख सांगाड्याच्या कमजोरीकडेच अधिक आहे. नवव्या दिवशी, १७ डिसेंबरला, किटी हॉक येथे राईट बंधू उडाले. वर्तमानपत्रांनी ६९ वर्षांच्या लँगलींची भरपूर टर उडवली. सरकारने आणखी पैसा दिला नाही. त्या थट्टेपुढे १८९६ चे यश लोक विसरले, हा अन्याय होता असे आम्हांस वाटते.

२७ फेब्रुवारी १९०६ रोजी दक्षिण कॅरोलिनातील एकन येथे त्यांचे निधन झाले. १९१४ मध्ये ते बुडालेले विमान बरेच फेरफार करून थोडेसे उडवले गेले, त्यावरून स्मिथसोनियन आणि ऑर्व्हिल राईट यांच्यात मोठा वाद झाला, आणि संस्थेने आपली चूक १९४२ मध्ये मान्य केली. लँगलींचा मात्र त्या वादात काही हात नव्हता.

नववीची मुले मोठे विमान पुन्हा बांधत आहेत. प्रयोगशाळेचा तराजू शनिवारी मधल्या सुट्टीत त्यांच्यासाठी खुला राहील.