हरलेल्या डावातून उरलेला बचाव

बीडसारख्या जिल्ह्याच्या ठिकाणी भरलेल्या शालेय बुद्धिबळ स्पर्धेत आज एखादा मुलगा काळी मोहरी घेऊन बसतो. पांढऱ्याने वजिरासमोरचे प्यादे दोन घरे पुढे टाकले, की तो राजाच्या बाजूचा घोडा बाहेर काढतो, त्या बाजूचे घोड्याचे प्यादे एकच घर सरकवतो आणि मोकळ्या झालेल्या घरात उंट आणून बसवतो. याला भारतीय बचाव म्हणतात, एवढे त्याला ठाऊक असते. या नावामागे महेशचंद्र बॅनर्जी नावाचा माणूस आहे, हे मात्र त्याला सहसा कोणी सांगितलेले नसते.

महेशचंद्र हे बंगालच्या ग्रामीण भागातील ब्राह्मण. आपल्या मुलखात त्यांना बुद्धिबळात कोणी हरवलेले नाही, अशी त्यांची ख्याती होती. १८४८ च्या सुमारास कलकत्त्यातील एका युरोपीय बुद्धिबळप्रेमीच्या कानी ती गेली. त्याने महेशचंद्रांना शोधून काढले आणि कलकत्त्यास आणून जॉन कॉक्रन यांच्यासमोर बसविले.

हे कॉक्रन साधे खेळाडू नव्हते. १७९८ साली जन्मलेले हे स्कॉटिश गृहस्थ कलकत्त्यात बॅरिस्टर होते. १८२२ मध्येच त्यांनी बुद्धिबळावर ग्रंथ लिहिला होता. रजेवर मायदेशी गेले असता त्यांनी हॉवर्ड स्टाँटन यांच्याशी शेकडो डाव खेळले होते, आणि स्टाँटन म्हणजे त्या काळचे जगातील अग्रगण्य खेळाडू. कलकत्त्यात कॉक्रन यांच्याशी बरोबरीच्या नात्याने खेळू शकेल असा कोणी उरला नव्हता. ती उणीव महेशचंद्रांनी भरून काढली.

महेशचंद्र ज्या खेळात वाढले तो देशी पद्धतीचा होता. त्यात प्यादे पहिल्या चालीतही एकच घर सरकते. किल्लेकोट नसतो, त्याऐवजी राजाला, शह बसलेला नसेल तर, एकदाच घोड्याची चाल करता येते. अशा खेळात दोन्ही सैन्ये लगेच एकमेकांना भिडत नाहीत. आधी घर बांधायचे, मोहरी आडोशाला लावायची आणि मग वार करायचा, ही सवय त्यातूनच लागते. युरोपची रीत नेमकी उलटी होती. पटाच्या मध्यभागी प्यादी रोवावीत, मोहरी झपाट्याने बाहेर काढावीत आणि राजावर तुटून पडावे, असा तो काळ होता. महेशचंद्रांनी नवे नियम आत्मसात केले, पण सवय सोडली नाही. मधली घरे ते प्रतिपक्षाला खुशाल घेऊ देत आणि उंटाला बगलेतून त्या घरांवर रोखून ठेवत. वरवर पाहता हा भित्रेपणा वाटतो. प्रत्यक्षात ते आमंत्रण असे.

त्याची किंमतही त्यांना मोजावी लागली. मे १८५५ मधील एक डाव आज जगभर अभ्यासला जातो. महेशचंद्रांनी तिसऱ्याच खेळीत वजिराचे प्यादे दोन घरे टाकून मध्यावर थेट आव्हान दिले. काळ्याचा डाव बराच वेळ सुस्थितीत होता. पण अठराव्या खेळीत कॉक्रन यांनी घोडा काळ्या राजाच्या अंगणात घुसविला. महेशचंद्रांनी आपल्या घोड्याने पांढऱ्या वजिरावर मारा केला, आणि तेथेच घात झाला. घोड्याचा व वजिराचा दुहेरी शह, पाठोपाठ वजिराचे बलिदान, आणि स्वतःच्याच मोहऱ्यांनी कोंडलेल्या राजाला घोड्याने मात. एकविसाव्या खेळीत सारे संपले. त्या दोघांतील अधिक डाव कॉक्रन यांनीच जिंकले, हेही येथे नोंदविले पाहिजे.

पण दुसरा एक डाव पाहावा. त्यात कॉक्रन यांनी चार प्यादी एका ओळीत पुढे आणून अख्खा मध्य व्यापला होता. महेशचंद्रांनी किल्लेकोट करून राजाची सोय लावली आणि एका प्याद्याच्या मोबदल्यात घोडा दिला. मग प्यादी पुढे रेटत त्यांनी पांढऱ्याचा एक घोडा टिपला आणि स्वतःचा वजीर खुशाल मारू दिला. कॉक्रन यांनी तो घेतला. दुसऱ्याच खेळीत काळ्या उंटाने पांढरा वजीर उचलला आणि डाव महेशचंद्रांनी जिंकला. आजच्या कसोटीवर त्यातील बलिदाने कदाचित टिकणार नाहीत. धाडस मात्र निर्विवाद आहे.

महेशचंद्रांनी स्वतः काही लिहून ठेवल्याचे आढळत नाही. त्यांचे डाव टिकले ते कॉक्रन यांनी ते टिपून ठेवले आणि इंग्लंडमधील नियतकालिकांनी छापले म्हणून. प्रत्येक ठिकाणी त्यांच्या नावाचे इंग्रजी रूप वेगळे उमटले. ज्याने त्यांना सर्वाधिक वेळा हरविले त्याच्याच लेखणीमुळे ते पुढील पिढ्यांना भेटले, हा दैवयोगच म्हणायचा. कॉक्रन १८६९ मध्ये भारत सोडून गेले आणि १८७८ मध्ये निवर्तले. भारतीय बचाव हे नाव १८८४ मध्ये छापील स्वरूपात आढळते आणि ते महेशचंद्रांच्या खेळाशीच जोडलेले आहे.

तरीही युरोपने हा बचाव गांभीर्याने घेतला तो पहिल्या महायुद्धानंतर. १९२२ मध्ये व्हिएन्नात अर्न्स्ट ग्रुनफेल्ड यांनी अलेक्झांडर अलेखिन यांना हरविले, ते महेशचंद्रांनी १८५५ मध्ये खेळलेल्याच पहिल्या तीन खेळ्या करून. त्या बचावाला ग्रुनफेल्ड यांचे नाव मिळाले. पुढे पंजाबचे मीर सुलतान खान १९२९, १९३२ आणि १९३३ मध्ये ब्रिटिश विजेते झाले. तेही देशी पद्धतीत वाढलेले. मायदेशी परतल्यावर १९३५ मध्ये महाराष्ट्राच्या व्ही. के. खाडिलकरांना त्यांनी दहा डावांत एका बरोबरीपलीकडे काही मिळू दिले नाही. उंट बगलेत बसविण्याची सुलतान खान यांची ओढ पाहून इतिहासकार फिलिप सार्जंट यांनी १९३४ च्या आपल्या ग्रंथात तिचा धागा थेट महेशचंद्रांपर्यंत नेला. कॉक्रन यांनी १८४८ मध्ये महेशचंद्रांविरुद्धच चौथ्या खेळीत घोडा बळी दिला होता. ती चाल आजही कॉक्रन गँबिट म्हणूनच ओळखली जाते.