समुद्राला बांध घालणारे लेली

स्मरणिकेसाठी चरित्रलेख लिहायचा म्हटले की आपण साहजिकच टिळक, आगरकर, महर्षी कर्वे यांच्याकडे वळतो. यंदा मात्र मी आपण राहतो त्या नेदरलँड्समधल्या एका माणसाविषयी लिहिणार आहे.

त्याला कारणही घरगुतीच आहे. डच भाषेच्या परीक्षेत दोनदा नापास झाल्यावर मी पुस्तके खोक्यात भरून माळ्यावर टाकली होती. त्याच उन्हाळ्यात बाबा पुण्याहून आले. सारी नोकरी पाटबंधारे खात्यात गेल्यामुळे त्यांना ट्यूलिपच्या बागांपेक्षा आफ्स्लाउटडाइक पाहण्याची हौस. 32 किलोमीटर लांबीचा तो बांध, एका अंगाला खारा समुद्र आणि दुसऱ्या अंगाला आयसलमेरचे गोडे पाणी! नॉर्थ हॉलंडकडच्या टोकाला वाऱ्यात पुढे झुकून उभा असलेला एक पुतळा आहे. हे गृहस्थ कोण, असे बाबांनी विचारले, आणि इतकी वर्षे या देशात राहूनही मला नावापलीकडे काही सांगता आले नाही. घरी येऊन मी वाचायला बसलो.

कॉर्नेलिस लेली यांचा जन्म 23 सप्टेंबर 1854 चा, अ‍ॅमस्टरडॅमचा. डेल्फ्टला शिकून ते 1875 मध्ये स्थापत्य अभियंता झाले. त्या काळी देशाच्या पोटात झाउडरझे नावाचा उथळ समुद्र शिरलेला होता आणि वादळ आले की तो काठची गावे बुडवीत असे. हा समुद्र बांधाने तोडून आतली जमीन कोरडी करावी, ही कल्पना जुनीच होती. 1886 मध्ये तिच्या अभ्यासासाठी एक संस्था स्थापन झाली आणि तांत्रिक काम लेलींकडे आले. पाच वर्षे पाण्याची खोली, तळाची माती, भरती-ओहोटी यांचा अभ्यास करून 1891 मध्ये त्यांनी संपूर्ण योजना मांडली. तेव्हा त्यांचे वय होते 36.

त्याच वर्षी ते मंत्री झाले. आता काम मार्गी लागणार असे कोणालाही वाटले असते! त्यांनी राज्य आयोग नेमला, आयोगाने अनुकूल अहवाल दिला, आणि 1894 मध्ये मंत्रिमंडळच गेले. 1897 मध्ये ते पुन्हा मंत्री झाले. 1901 मध्ये विधेयक आणले. सरकार बदलले आणि विधेयक मागे घेतले गेले. खर्चाचा बोजा अनेकांना नको होता. हेरिंग आणि अँचोव्हीवर पोट असणाऱ्या कोळ्यांचा विरोध तर होताच, आणि तो मला गैर वाटत नाही. बांध झाल्यावर त्यांची मासेमारी खरोखरच संपली.

मला कुतूहल वाटते ते मधल्या वर्षांचे. लेली रुसून घरी बसले नाहीत. 1901 मध्येच त्यांनी कामगारांसाठी अपघात विम्याचा कायदा करून घेतला. 1902 ते 1905 ते सूरीनामचे गव्हर्नर होते. आरतीला आपल्या शेजारी उभ्या राहणाऱ्या सूरीनामी कुटुंबांचे पूर्वज 1873 पासून बोटींनी तिथे उतरत होते, आणि लेलींच्या काळातही ते येणे चालूच होते. तिथले लेलीडॉर्प हे गाव त्यांच्याच नावाचे. पुढे ते द हेगच्या नगरपालिकेत कारभारी झाले. हाताशी येईल ते काम मनापासून करायचे आणि योजना मात्र सोडायची नाही, असा त्यांचा रिवाज दिसतो.

1913 मध्ये तिसऱ्यांदा मंत्रिपद आले ते झाउडरझेचे काम सरकारी कार्यक्रमात घेऊनच. तरीही महायुद्धामुळे सारे रेंगाळले. मग जानेवारी 1916 च्या रात्री समुद्र बांध फोडून आत आला. एकट्या मार्केन बेटावर 16 माणसे गेली. युद्धातल्या धान्यटंचाईने नव्या शेतजमिनीची निकडही पटवली. 14 जून 1918 रोजी कायदा झाला. योजना मांडल्याला 27 वर्षे झाली होती.

बांधाचे प्रत्यक्ष काम बाबांना तोंडपाठ व्हावे इतके आवडले. नोबेल विजेते भौतिकशास्त्रज्ञ लोरेंट्झ यांच्या समितीने आठ वर्षे खपून भरतीची गणिते मांडली. विलोच्या फांद्यांच्या प्रचंड चटया विणून, वर दगड रचून, त्या समुद्रतळाशी बुडवल्या. त्यावर समुद्राच्या तळातूनच काढलेली हिमयुगातली घट्ट चिकणमाती टाकली. आपल्या कोकणातली खारबंदी आठवते, फक्त आकार अवाढव्य.

28 मे 1932 रोजी शेवटची फट बुजली. लेली मात्र 22 जानेवारी 1929 रोजीच गेले होते. त्यांच्या योजनेतल्या जमिनी एकेक करून वर आल्या. एक मात्र झालीच नाही. 1967 मध्ये लेलीस्टाडला पहिले रहिवासी आले. आज अल्मेरेहून आपल्या उत्सवाला येणारी मंडळी जिथे राहतात, तो त्या समुद्राचा तळ आहे.

परत जाण्याआधी बाबांना पुन्हा एकदा बांधावर जायचे होते. या वेळी मी त्यांना हे सारे सांगितले. त्यांनी पुतळ्याला हात जोडले आणि गाडीत बसता बसता माझ्या परीक्षेची पुढची तारीख विचारली.