विश्लेषण : मसाजला अंधांचा मानाचा पेशा बनवणारे सुगियामा कोण होते?

हिंगोलीत कटिंगनंतर डोक्याची चंपी होते. जपानची जुनी मालिश म्हणजे ‘आन्मा’. ही तेल न लावता, कपड्यांवरूनच दाबून-चोळून करतात. आखडलेले स्नायू सैल होतात, ताण हलका होतो. (हाड मोडलेले किंवा पायात रक्ताची गुठळी असेल तर मात्र मसाज नकोच.) तिथे हा अंधांचा मानाचा पेशा ठरला, त्याचे मोठे श्रेय वाइची सुगियामा यांचे.

जन्म १६१० चा, सामुराई घराण्यातला. दृष्टी लहानपणीच गेली. एडो, म्हणजे आजच्या टोकियोत, ते ॲक्युपंक्चर शिकू लागले. पण हात बसेना, गुरूंनी परत पाठवले. मग एनोशिमा बेटावरच्या गुहेत उपवास केले. तिथे ठेच लागली आणि नळीसारख्या पानात अडकलेली पाइनची सुई हाताला लागली, अशी आख्यायिका. ती खरी असो-नसो, नळी खरी आहे. बारीक नळीतून टोचलेली सुई वाकत नाही, दुखतेही कमी. डोळ्यांची गरजही उरत नाही. ही पद्धत आज जगभर आहे.

पुढे त्यांनी शोगुन त्सुनायोशी यांच्यावर उपचार केले. बक्षीस म्हणून एक डोळा मागितला, तेव्हा ‘एक डोळा’ अशाच नावाची जागा मिळाली, असे सांगतात. १६८२ च्या सुमारास त्यांनी अंधांसाठी सुई आणि आन्माची शाळा काढली. पॅरिसची प्रसिद्ध अंधशाळा त्यानंतर शंभर वर्षांनी निघाली.

१६९४ मध्ये ते गेले. जपानमधील अंधशाळांत मसाजचे परवानापात्र शिक्षण आजही मिळते.